गणिताच्या वर्गात एक कमी

रेवा आणि नील,

रेवाने शाळेत माझ्यावर लिहिलेला निबंध तुमच्या आईने पाठवला. मी तो सावकाश वाचला. अक्षर सुरेख आहे, परिच्छेद नीट पाडले आहेत. त्यात लिहिलं आहे की आजी लहानपणापासून फार हुशार होती, म्हणून ती गणित शिकली आणि पुढे आयुष्यभर तिने गणित शिकवलं. वाचून मला आनंद झाला, पण पेन्सिल घेऊन मी त्या ‘म्हणून’खाली रेघ मारली. फळ्यावर एखादी पायरी चुकलेली दिसली की ती पुसल्याशिवाय मला वर्गातून निघता येत नसे. ती सवय अजून गेलेली नाही. माझं गणित हुशारीमुळे झालं नाही. ते एका वर्षी बंदच पडायचं होतं आणि पावसाळ्यातल्या एका दुपारी वाचलं. तुम्ही समुद्रापलीकडे आहात. मी नसताना ही चुकीची पायरी तुमच्या वहीत तशीच राहील. म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही वैनगंगेच्या अलीकडे, एका तालुक्याच्या गावी राहत होतो. बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते आणि डेपोला लागूनच आमचं क्वार्टर होतं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कोणी पाहत नसे. पलीकडची आरागिरणी सुरू झाली की आई भाताचं आधण ठेवी आणि गिरणीचा आवाज थांबला की बाबा जेवायला येत. सागाच्या भुशाचा वास कपड्यांना, उशांना, माझ्या पुस्तकांनाही लागलेला असे. तुमच्या आईला अजून तो वास आला की भूक लागते. ती माझ्या आईच्या हाताखाली वाढली, तेवढंच कारण. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि पावसाळ्यात वास्त्यांची भाजी, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची. आम्ही मूळचे ढिवर, तळ्यावर मासे धरणारे. बाबा आमच्या घरातले पहिले खुर्चीवर बसलेले. त्यामुळे कोणाकडून तरी मासळी येतच असे, आणि ती आली की आई बाबांना डेपोतून निरोप पाठवून बोलावून घेई, जणू साहेब तपासणीला आले आहेत.

बाबांची नोकरी आधी चंद्रपूरला होती. तिथे मी इंग्रजी शाळेत शिकले आणि तेवढ्या एका गोष्टीमुळे कॉलेजात माझा भाव वधारला. बी.एस्सी.चं गणित इंग्रजीतून असे. वर्गातली बाकीची मुलं मराठी शाळांमधून आलेली, कोणी कुरखेड्याकडचं, कोणी वडशाकडचं. मुलगी मी एकटीच. आमच्या गणिताला एकच शिक्षक होते, वैरागडे सर. नागपूरहून आलेले, लाजाळू, फळ्याकडे तोंड करून बोलणारे. त्यांचा खडू मात्र फार देखणा चाले. माझ्या शेजारच्या बाकावर देवराव बसे. त्याची आणि माझी वाटणी ठरलेली होती: मी पुस्तकातलं वाक्य वाचून मराठीत सांगायचं आणि त्याने उदाहरण सोडवायचं. ‘कितीही लहान अंतर घे, त्याच्यापेक्षाही जवळ जाता येतं,’ असं मी एका प्रमेयाचं मराठी केलं, तेव्हा तो म्हणाला, “मंजे कोनी कितीबी हट्ट केला तरी आपन हरत नाई.” इतकी वर्षं शिकवून मला सीमेची, म्हणजे लिमिटची, याहून चांगली व्याख्या सुचलेली नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत ती लिहू दिली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरं वर्ष पास होऊन आम्ही तिसऱ्याला आलो आणि देवराव आलाच नाही. जुलै गेला, भाताचे रोवणे आटोपले, तरी बाक रिकामा. मग एक दिवस वैरागडे सर फळ्याकडे न पाहता आमच्याकडे पाहून बोलले. तिसऱ्या वर्षाला गणिताचा वर्ग चालवायचा तर ठरावीक विद्यार्थी लागतात आणि आपण एकाने कमी आहोत. पोळ्याच्या सुटीनंतर विद्यार्थ्यांची यादी विद्यापीठात जाईल. तोवर एक मिळाला नाही तर वर्ग बंद. मुलांना तसं फार बिघडत नव्हतं, ते नागपूरला खोली करून राहिले असते. मला बिघडत होतं. बाबांनी सरळ सांगितलं, “चंद्रपुरात आता आपलं कोणी नाही, नागपुरात कधीच नव्हतं. एकटीला नाही ठेवू शकत.” बाबा रागावून बोलत नसत, म्हणून त्यांच्याशी भांडता येत नसे. आईचं म्हणणं आणखी सोपं होतं. “वनस्पती घे नं. झाडं आपल्या दारात हाये. गणितच काऊन पाह्यजे तुले?” याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. जेवणावरची वासना गेली एवढंच आठवतं, आणि आमच्या घरात ते ताबडतोब लक्षात येई.

ताटात मासा तसाच राहिलेला दोन दिवस पाहिल्यावर बाबा उठून वैरागडे सरांकडे गेले. परत आले ते ठरवूनच. देवरावच्या गावी जायचं, त्याच्या घरच्यांशी बोलायचं आणि त्याला घेऊन यायचं. तो सरांसमोर तोंड उघडणार नाही, म्हणून मीही जायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी घरचे सगळे घरी सापडतात. आईने हिशेब केला: बाबा, सर आणि मी. आणि ती दारातच आडवी उभी राहिली.

“तिघं?” ती म्हणाली. “तिघं कामाले निघालं का काम बिघडते. कोनाले तरी सोबत घ्या.”

“सणाच्या दिवशी कोण येते आता?” बाबा म्हणाले.

आई देवाजवळ गेली, एक सुपारी उचलून आणली आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. “हा चौथा. खाली काढू नोका.”

ही आमच्याकडची जुनी रीत. तिघांनी जाणं टळत नसेल तर एक सुपारी किंवा खडा माणूस म्हणून सोबत घ्यायचा. बसमध्ये बाबांनी हे सरांना सांगितलं. सर खिडकीबाहेर, पांढऱ्या फुलोऱ्याने भरलेल्या सागांकडे बघत होते. ते म्हणाले, “यादीत सुपारी चालली असती भाऊ, तर मी कधीचीच बाकावर ठेवली असती.” हा सरांकडून मी ऐकलेला पहिला विनोद.

कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही हा बाबांचा नियम होता. पण सणामुळे मिठाईची दुकानं बंद. फाट्यावर उतरलो तिथे एक किराणा दुकान अर्धी फळी उघडून बसलं होतं. बाबांनी तिथून साखरेची पुडी आणि एक नारळ घेतला. त्यात काही चूक आहे असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. मग तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत गेलो. तळं काठोकाठ भरलेलं, सांडव्यावरून पाणी पडत होतं आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिथे बांबूची ताटी लावलेली. ताटीजवळ कमरेएवढ्या पाण्यात देवराव उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं, आणि बोलण्याऐवजी ताटीच्या आडोशाला सरकला.

त्याच्या घरी सपरीत, म्हणजे ओसरीवर, बाज टाकलेली होती आणि सणाला आलेले सोयरे बसले होते. देवरावला वडील नव्हते. घर काकांचं आणि काकांवर आजीचा हुकूम. आमचं गाव, आडनाव, बाबांची नोकरी हे विचारून झालं, तसे सगळे जरा सावरून बसले. त्यांच्याच जातीचा, सरकारी नोकरीतला माणूस, सोबत लग्नाच्या वयाची मुलगी आणि एक मध्यस्थासारखा दिसणारा चष्मेवाला. बाबांनी साखर आणि नारळ काकांपुढे ठेवले. उन्हातून आल्यामुळे घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर सुपारी बाहेर पडली. ती सारवलेल्या भुईवर गोल फिरत गेली आणि आजीच्या पायाशी थांबली.

काकांनी वाकून ती सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, “मंजे भाऊ, तुमी त ठरवूनच आले.”

“हो तर,” बाबा म्हणाले. “उशीर करून चालत नाही. यादी जाते.”

“यादीबी केली?” एका सोयऱ्याने कौतुकाने विचारलं. आमच्याकडे लग्नात देण्याघेण्याची यादी होते. त्या भल्या माणसाच्या मनात तीच.

मला बायकांनी आत नेलं. काकू, एक आत्या आणि एक नुकतीच लग्न झालेली बहीण. मला वाटलं, पाहुणचार चालला आहे. आत्याने माझी वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी उचलून पाहिली. “केस हाये पोरीले,” तिने जाहीर केलं. मग काकूने विचारलं, “काय शिकतं व माय?”

“गणित.”

“मंजे हिसोब येते. बरं हाये. मासोळी चिरता येते?”

“येते.”

“वास्ते साफ करता येते?”

“येतात, पण मला फार वेळ लागतो.”

“खोटं नाई बोलत,” ती आत्याला म्हणाली. आणि बहीण माझ्या कानाशी लागून पुटपुटली, “आमचा देवराव थोडा मुका हाये, पन मनाचा चांगला हाये.” मी म्हटलं, “मला माहीत आहे की, शेजारीच बसतो.” त्यावर तिघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की मला तिथेच उमगायला हवं होतं. पुढे विद्यार्थ्यांना मी सांगत असे, दिलेल्या गोष्टी आधी नीट वाचा, मग उत्तराकडे धावा. ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत असे.

तेवढ्यात बाहेर देवराव आला. कोणीतरी त्याला चिखल धुवायला लावून स्वच्छ सदरा घातला होता, केसांना इतकं तेल की कपाळावर उतरलेलं. मलाही बाहेर आणून त्याच्यासमोर बसवलं. तो भुईकडे पाहत होता, कान लाल. रेवा, तू आता काय विचारणार ते मला ठाऊक आहे. नाही, हे तुमचे आजोबा नव्हेत. तुमच्या आजोबांना गणिताची भीती वाटते.

वैरागडे सरांनी घसा साफ केला आणि मुद्द्याचं बोलले. “आम्ही देवरावला घेऊन जायला आलो आहोत.”

काका हातातली सुपारी फिरवायची थांबवून म्हणाले, “घेऊन? मंजे घरजावई?”

बाबा पाणी पीत होते, ते तसेच राहिले. सरांना लग्नाची भाषा समजत नसे. त्यांनी बहुधा अर्धंच ऐकलं. ते समजुतीने म्हणाले, “कायमचा नको हो. एक वर्षासाठी द्या. मार्चात परीक्षा झाली की परत.”

“एका वर्साचा घरजावई?” काका उभेच राहिले. “असं कुठी असते का?”

आजी मात्र विचारात पडली होती. “गोंडाइच्यात पोरगा आधी सासऱ्याच्या घरी राबते,” ती म्हणाली. “तसं काई करून राह्यले का हे शहरातले?”

तेव्हा माझ्या डोक्यात साखर, नारळ, सुपारी, वेणी हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. बाबा बोलणार नाहीत, सरांना कळणार नाही, देवराव तर जमिनीत चालला होता. मीच म्हणाले, “आजी, लग्न नाही. वर्ग आहे. आमच्या वर्गात एक कमी आहे.” आणि मग सगळं सांगितलं. यादी कसली, सुपारी कशासाठी, आईने तिघांना का अडवलं.

मग आजीच्या पोटातून हसू निघालं. तिला ते आवरेना, ती भिंतीला टेकून बसली. “आमाले वाटलं पोरगी द्याले आले,” ती सोयऱ्यांना म्हणाली. “हे त आपलाच पोरगा न्याले आले.” सपरीभर हसणं पसरलं. फक्त काका हसले नाहीत. सोयऱ्यांसमोर त्यांची फजिती झाली होती. त्यांनी साखरेची पुडी बाबांकडे सरकवली. “तळ्याकडे कोन पाहीन?” ते म्हणाले. “ताटी फुटली का सालभराची मासोळी नाल्यात जाते. नाई जमत भाऊ. तुमी जेवा आन जा.”

बाबा उठायला लागले. त्यांचा स्वभाव तसाच, नकार आला की मान खाली घालून चप्पल शोधायची. मला मात्र दिसत होतं की ते चप्पल घालतील, आम्ही पाळीवरून परत चालू लागू आणि माझं गणित त्या सपरीत राहून जाईल. मी देवरावकडे वळले. “तळ्यामुळेच येत नाहीस का? खरं सांग.”

त्याने प्रथमच वर पाहिलं. “मले इंग्रजी नाई जमत,” तो म्हणाला. “तू वाचतं, मंग मी सोडवतो. दरखेपी तुयापाशी मांगाचं. पेपरात तू थोडीच बसून राह्यतं बाजूले? दुसऱ्या वर्साले कसातरी निंगलो. तिसऱ्याले फेल झालो त हे सारे म्हनतीन, पोट्ट्यानं तळंबी सोडलं आन गणितबी.”

“आणि तू नसलास तर मी फक्त वाचत बसेन,” मी म्हणाले. “सोडवायचं कोणी? तुला वाटतं मी तुला शिकवत होते. मला वाटत होतं तू मला शिकवतोस. मार्चपर्यंत तुला वाचता येईल, मला सोडवता येईल. नाही आलास तर दोघांचंही अर्धंच राहील. तुझं तळं तरी आहे. माझं काय आहे?”

हे मी इतक्या लोकांत कसं बोलले, मला माहीत नाही. आईच्या ‘गणितच काऊन’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा तेच होतं. सर फळ्याकडे पाहावं तसे भिंतीकडे पाहत होते. काका पुन्हा ‘नाई’ म्हणणार, तोच आजीने हात वर केला.

“सुपारी कोनी उचलली?” तिने काकांना विचारलं.

“म्या.”

“कपाळाले कोनी लावली?”

“माय, ते त मले वाटलं...”

“तुले काय वाटलं ते सुपारीले काय मालूम? सोयऱ्याइच्या समोर घेतलेली सुपारी वापस करत नाई. लगनाची नाई त शिक्षनाची. घेतली नं? मंग सबूद गेला.” ती देवरावकडे वळली. “जा रे. आन पास हो. बी.एस्सी. पुरं नाई झालं तरी पोरगी घरी चालत आली असं आमाले वाटलं. पुरं झाल्यावर त मंग विचारच नोको करू.”

काका बसले. म्हणाले, “ताटी मीच पाहीन मंग. शनवारी येत जाजो.” तेवढंच. साखरेची पुडी त्यांनी परत आपल्याकडे ओढून घेतली आणि घरात दिली. मग सगळ्यांना त्या साखरेचा चहा झाला. त्याच्यामागोमाग मासोळी आणि भात, आणि काकूने मला मुद्दाम मधला जाड तुकडा वाढला, कारण मी खोटं बोलत नव्हते. मी किती दिवसांनी पोटभर जेवले ते बाबांनी पाहिलं. बाबांनी मान वळवून घेतली.

निघताना एका सोयऱ्याने रीतीप्रमाणे सुपारी फोडायला अडकित्ता पुढे केला. आजी म्हणाली, “फोडू नोका बाबू. फोडली त लगन लागन.” आणि ती अख्खी सुपारी माझ्या हातात ठेवली. “तुयापाशी ठेव. हा पास झाला का आनून दे.”

पाळीवरून चालत आम्ही फाट्यावर आलो आणि बस मिळाली. मग मागच्या बाकावरून बाबांचा आवाज आला, “एका वर्षाचा घरजावई,” आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, “मी काय चुकीचं बोललो?” तर बाबांना आणखी हसू आलं. घरी आई दारातच उभी होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “म्या सांगतलं होतं, खाली काढू नोका. काढली म्हनून इतकं झालं.” न काढली असती तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलं नाही.

देवराव सोमवारी आला. सरांच्या खोलीत राहू लागला. यादी गेली. वर्गातल्या मुलांनी वर्षभर त्याला जावईबापू म्हणून छळलं आणि तो प्रत्येक वेळी तितकाच लाल झाला. मी त्याला इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीलाच न अडकता शेवटपर्यंत कसं जायचं ते दाखवलं. त्याने मला उत्तर चुकलं की सगळं खोडून नव्याने न लिहिता चुकीची पायरी शोधायला लावलं. रेवा, तुझ्या ‘म्हणून’खाली मी रेघ मारली ना, ती त्याची शिकवण. दोघंही पास झालो. पुढे तो एटापल्लीकडे शाळेत गणित शिकवायला गेला आणि तिथलाच झाला. दर पोळ्याला अजून फोन करतो, आणि आपलं नाव न सांगता म्हणतो, “एक कमी हाये का?”

निकाल लागल्यावर मी सुपारी परत द्यायला गेले होते. आजीने ती हातात घेतली, उन्हात धरून पाहिली आणि माझी मूठ मिटून दिली. “ठेव,” ती म्हणाली. “आनखी कुठी एक कमी पडला त कामात येईन.”

देवरावची आजी गेली. काका गेले. डेपोचं क्वार्टर पाडलं आणि आरागिरणीही बंद झाली. सुपारी माझ्या कंपासपेटीत आहे. एका बाजूने थोडी किडली आहे, पण एक म्हणून मोजायला अजून चालते.